ब्रह्मदेशातल्या कामगारांसाठी आपल्या युनियनने नक्की काय करायचं?

युनियनमध्ये नवीन आलेली पोरं-पोरी हे नेहमी विचारतात, की तिकडे म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, युनियनवाल्यांना उचलून आत टाकलं, हे सगळं वाचलं, वाईटही वाटलं, पण आम्ही इथे चाकण नाहीतर तळोज्याला शिफ्ट करणारी माणसं, आम्ही करणार काय? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर म्हणजे एक फ्लेक्स, एक निषेध सभा आणि ग्रुपवर फोटो. त्याला माझी ना नाही, पण तेवढ्याने तिथल्या कुठल्याच जनरलची झोप उडत नाही. खरं काम दोन प्रश्नांपासून सुरू होतं. तिथल्या कामगारांना आपल्याकडून काय हवंय? आणि आपण रोज जे काम करतो त्यात लष्कराचा पैसा, माल नाहीतर बोट कुठे येते का? याच्या पुढचं सगळं कसं करायचं ते खाली टप्प्याटप्प्याने लिहितोय, एका दमात नाही झालं तरी चालेल.

आधी प्रकरण समजून घ्या

1 फेब्रुवारी 2021 ला लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंगच्या लष्कराने सत्ता घेतली. नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांचा पक्ष प्रचंड मतांनी जिंकला होता, संसद बसायच्या दिवशीच सगळ्यांना ताब्यात घेतलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की रस्त्यावर सगळ्यात आधी उतरलेल्यांत यांगूनच्या कपडा कारखान्यातल्या मुली होत्या, आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर-नर्स, शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले यांनी कामच बंद केलं, रेल्वे कामगारांना तर क्वार्टर्समधून बाहेर काढलं. याला तिकडे सीडीएम म्हणजे सविनय कायदेभंगाची चळवळ म्हणतात. 22 फेब्रुवारीला देशभर संप झाला आणि चारच दिवसांनी, 26 फेब्रुवारीला, 16 कामगार संघटना बेकायदेशीर असल्याचं लष्कराने जाहीर केलं. 14 मार्चला ह्लाइंगथाया या यांगूनच्या औद्योगिक वस्तीत गोळीबारात डझनावारी माणसं मेली आणि तिथे मार्शल लॉ लागला. ही वस्ती म्हणजे खेड्यातून आलेल्या कपडा कामगारांची, एकेका खोलीत पाच-सहा जणी राहणारी.

हे लक्षात ठेवा, कारण गेट मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास विचारणार की हे राजकारण झालं, यात युनियनचा काय संबंध. संबंध असा की लष्कराने सुरुवातीलाच ज्यांच्यावर हात टाकला त्यात युनियनवाले होते. तिथे युनियन बांधायचा कायदाच मुळी 2011 चा, म्हणजे दहा वर्षांत उभं केलेलं सगळं एका महिन्यात पाडलं. संप फोडायला मालकाने नुसता सैनिकांना फोन करायचा, बास. युनियनच्या नेत्या मायो मायो आये यांना एप्रिल 2021 मध्ये पकडलं, ऑक्टोबरमध्ये सोडलं. 'थेट ह्निन आँग' नावाचे दुसऱ्या एका कामगार संघटनेचे जनरल सेक्रेटरी शिक्षा संपवून बाहेर पडायच्या वेळेलाच पुन्हा पकडले गेले.

आकडे सांगायचे असतील तर एएपीपी या राजकीय कैद्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे सांगा, ते नावनिशीवार नोंद ठेवतात. 2025 पर्यंत लष्कराच्या हातून मारले गेलेले 6,000 च्या वर आणि अटक झालेले 28,000 च्या वर. व्हॉट्सॲपवरचे आकडे वापरू नका, एक चुकीचा निघाला की मॅनेजमेंट आणि विरोधी युनियन दोघंही तोच धरून बसतात.

आणि एक, हल्ली ऐकायला मिळतं की आता तिथे आणीबाणी उठली, डिसेंबर 2025 पासून निवडणुकाही घेतल्या, मग झालं की. त्या निवडणुकीत स्यू कींचा पक्ष नव्हता, त्याला आधीच बाद केलेला. निवडणूक झाली म्हणून विषय संपला असं कोणी म्हणालं तर युनियन चालवायला मोकळीक आहे का, एवढंच विचारा.

तिथल्या लोकांना विचारा, पण थेट मेसेज टाकून नाही

इथे नवे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. फेसबुकवर कोणीतरी सापडतं, त्याला लगेच मेसेज, मग फोटो मागायचे, मग तो फोटो आपल्या पेजवर. नको. संपर्क आपल्या फेडरेशनमधून करा. तिथल्या मुख्य संघटना म्हणजे सीटीयूएम ही केंद्रीय संघटना, तिच्यातली कारखाना कामगारांची आयडब्ल्यूएफएम, आणि त्यांच्याहून वेगळी एफजीडब्ल्यूएम. त्यांचे बरेच नेते भूमिगत आहेत किंवा देशाबाहेर.

प्रत्येक धंद्यातल्या युनियनची एक जागतिक फेडरेशन असते, तुमचा धंदा कुठला त्यावर रस्ता ठरतो. इंजिनिअरिंग, कपडा, केमिकल, तेल असेल तर इंडस्ट्रीऑल. बंदर, जहाज, रेल्वे, विमानतळ असेल तर आयटीएफ. महापालिका, वीज, सरकारी दवाखाने यांच्यासाठी पीएसआय, शिक्षकांसाठी एज्युकेशन इंटरनॅशनल, बँक-विमा-दुकानं यांना युनी, बांधकाम आणि लाकूड असेल तर बीडब्ल्यूआय. तुमची युनियन थेट सभासद नसली तरी तुमचं केंद्र, म्हणजे तुमची देशपातळीवरची संघटना, कुठेतरी जोडलेलं असतंच. जगभरच्या युनियनचे दोन मोठे महासंघ आहेत, आयटीयूसी आणि डब्ल्यूएफटीयू. इंटक, एचएमएस आणि सेवा या आयटीयूसीच्या सभासद आहेत, आयटक आणि सिटू डब्ल्यूएफटीयूच्या. बीएमएसवाल्यांनी आपल्या केंद्रीय कार्यालयालाच विचारावं. दिल्लीच्या ऑफिसला एक साधी ईमेल टाका: आम्ही अमुक कारखान्याची युनियन, आम्हाला म्यानमारच्या कामगारांसाठी काहीतरी करायचंय, तिथल्या संघटनांची सध्याची मागणी काय आहे ते कळवा. उत्तर यायला वेळ लागतो, मागे लागावं लागतं, आपल्याच लोकांच्या मागे लागायचं म्हणजे डोकेदुखी असते पण इलाज नाही.

विचारायचं का, तर एक उदाहरण देतो. परदेशी कपडा ब्रँडनी तिथून निघून जावं की राहावं? इथे बसून आपल्याला वाटेल की कारखाने बंद पडले तर गरीब मुलींचीच नोकरी जाणार, म्हणून राहावं. पण आयडब्ल्यूएफएम आणि इंडस्ट्रीऑल यांनी स्पष्ट सांगितलं की निघा, कारण युनियन करायला बंदी असलेल्या देशात कुठलाही ब्रँड आम्ही कामगारांचे हक्क सांभाळतो असं म्हणूच शकत नाही. पुढे प्रायमार्क आणि मार्क्स अँड स्पेन्सर यांनी 2022 मध्ये, इंडिटेक्स आणि एचअँडएम यांनी 2023 मध्ये बाहेर पडायचं जाहीर केलं. सगळे एकमताचे नाहीत, राहिलेलं बरं असं म्हणणारेही कामगार आणि संस्था आहेत, आणि जिचा पगार चाललाय तिची भीती खोटी नसते. 2018 पासून किमान वेतन दिवसाला 4,800 क्यात (तिथलं चलन) होतं, 2023 मध्ये त्यावर 1,000 चा भत्ता आला, तोवर महागाई कुठच्या कुठे. मी स्वतः निघा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण निघताना थकलेला पगार आणि भरपाई चुकती करून निघा, ही मागणी सोबत पाहिजेच.

आपल्या हाताखालून काय जातं ते शोधा

हे सगळ्यात मजेचं काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात.

लष्कराच्या दोन मोठ्या कंपन्या आहेत, एमईएचएल आणि एमईसी. बिअरपासून बंदरापर्यंत सगळ्यात यांचा हात. त्याशिवाय सरकारी कंपन्या आता लष्कराच्या ताब्यात आहेत: तेल आणि गॅसची एमओजीई, लाकडाची म्यानमा टिंबर एंटरप्राइझ, रत्नांची वेगळी. परकीय चलनाचा मोठा ओघ गॅसचा. टोटल आणि शेव्हरॉन या परदेशी तेल कंपन्यांनी तिथल्या गॅस प्रकल्पातून बाहेर पडत असल्याचं जानेवारी 2022 मध्ये सांगितलं. पण श्वे नावाच्या दुसऱ्या गॅस प्रकल्पात आपल्या ओएनजीसी विदेशचे 17 टक्के आणि गेलचे 8.5 टक्के आहेत. म्हणजे उरणला किंवा मुंबई हायवर काम करणाऱ्या ओएनजीसीच्या माणसाला हा विषय परका नाहीच, त्याच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात तो छापलेला असतो. तो अहवाल काढा, म्यानमारचं पान फोटोकॉपी करा, आणि पुढच्या मीटिंगला मॅनेजमेंटला विचारा की त्या पैशाचं पुढे काय होतं.

अदानी पोर्ट्सचं प्रकरण बघा. यांगूनला त्यांचं टर्मिनल होतं, जमीन एमईसीची, भाडं लष्कराच्या कंपनीला जायचं. बोभाटा झाला, विदेशी गुंतवणूकदारांनी प्रश्न विचारले, अमेरिकेचे निर्बंध आले आणि 2023 मध्ये ते टर्मिनल विकून टाकलं. कागदावरची एक ओळ, जमिनीचा मालक कोण, त्यावर सगळं फिरलं.

लाकडाचं तर आपल्या डोळ्यासमोर आहे. फर्निचरच्या दुकानावर बर्मा टीक अशी पाटी असते ना, तेच. बंदरात, कस्टम हाउस एजंटकडे, गोडाऊनला किंवा सॉ मिलमध्ये काम करत असाल तर कागद तुमच्या हातातून जातात. बिल ऑफ एंट्रीवर माल पाठवणाऱ्याचं नाव, मूळ देश आणि कोड असतो, लाकडाचा कोड 44 ने सुरू होतो. मूळ देश म्यानमार दिसला तर पाठवणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवा. कंपनीचे कागद बाहेर काढू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, नोकरी जाईल आणि केसही होईल. नाव मिळालं की ते फेडरेशनला द्या, पुढची शोधाशोध करणारे लोक तिकडे आहेत.

विमानाचं इंधन हे आणखी एक. तिथलं हवाई दल गावांवर, शाळांवर बॉम्ब टाकतं आणि त्याला इंधन बाहेरून जहाजाने येतं. टँकरवर, रिफायनरीत किंवा शिपिंग ऑफिसात असाल तर डोळे उघडे ठेवा. आणि शस्त्रं: संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे 2023 च्या अहवालात सत्तापालटानंतर भारतातून 5 कोटी 10 लाख डॉलरचा माल गेल्याचं म्हटलंय, त्यात सरकारी कंपन्याही आल्या. रशिया आणि चीनच्या मानाने हे थोडं आहे, पण ते आपल्या देशातून गेलंय.

आता डाळ. तूर आणि उडीद तिथून आपल्याकडे ढिगाने येतात, 2021 मध्येच दोन्ही सरकारांचा करार झाला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. म्हणून वाशीच्या मार्केटात ब्रह्मदेशी तूर अडवायची का? माझ्या मते नाही. ती पिकवणारा शेतकरी आपल्या लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्यासारखाच, त्याच्यावर घाला घालून जनरलला काही होत नाही. आधी मालक कोण ते बघायचं, मग बोट दाखवायचं. नाहीतर सरसकट सगळ्यावर बहिष्कार म्हटलं की दुसऱ्याच दिवशी लोक हसायला लागतात.

ठराव

ठराव छोटा असू द्या. दोन पानी ठराव कोणी वाचत नाही आणि अध्यक्षही वाचताना अर्ध्यात दमतो. असा चालेल, आपल्या हिशोबाने बदला:

"आमच्या युनियनची आजची सर्वसाधारण सभा म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 पासून चालू असलेल्या लष्करी राजवटीचा निषेध करते. अटकेतल्या सर्व कामगार नेत्यांना सोडावं आणि संघटनांवरची बंदी उठवावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) जून 2025 च्या ठरावाप्रमाणे भारत सरकारने आणि आमच्या कंपनीने म्यानमारच्या लष्कराशी असलेले सर्व व्यवहार तपासून थांबवावेत. आमच्या कंपनीचे असे व्यवहार आहेत का, याचं लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावं."

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती काढू नका. नुसता निषेध कंपनी फाईलला लावते, लेखी उत्तर मागितलं की एचआरला वकिलाकडे जावं लागतं. ठराव आधी मॅनेजिंग कमिटीत, मग जनरल बॉडीत, मिनिट्स बुकात नोंद, सूचक-अनुमोदकांची नावं, आणि पत्र लेटरहेडवर. पोच घ्या. शिक्का मारलेली पोच नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा.

आयएलओचं हत्यार

वरच्या ठरावातला जून 2025 म्हणजे काय ते नीट कळू द्या, कारण साहेबाला ते माहीत नसतं. आयएलओने मार्च 2022 मध्ये म्यानमारवर चौकशी आयोग नेमला. ऑक्टोबर 2023 मध्ये अहवाल आला, की संघटना स्वातंत्र्याचा करार क्रमांक 87 आणि वेठबिगारीविरुद्धचा करार क्रमांक 29, दोन्ही पायदळी तुडवलेत. हे दोन्ही करार त्या देशाने 1955 मध्येच मान्य केलेले. लष्कराने ऐकलं नाही, म्हणून जून 2025 च्या परिषदेत आयएलओच्या घटनेचं कलम 33 लावलं, म्हणजे चौकशीचा अहवाल न मानणाऱ्या देशावर कारवाई. आयएलओच्या शंभर वर्षांच्या वर इतिहासात हे फक्त तीनदा झालंय: 2000 मध्ये म्यानमार, तेव्हा जुन्या लष्कराच्या वेठबिगारीवरून, 2023 मध्ये बेलारूस, आणि 2025 मध्ये पुन्हा म्यानमार. यात सरकारं, मालक आणि कामगार संघटना या तिघांनाही सांगितलंय की तुमचे संबंध तपासा, लष्कराला शस्त्रं, विमानाचं इंधन आणि पैसा पोचू देऊ नका. म्हणजे आपण मागतोय ते आपल्या मनचं नाही, मालकांची संघटना जिथे बसते तिथूनच आलेलं आहे.

जिनिव्हाला दर जूनमध्ये परिषद भरते, तिथे भारतातून कामगार प्रतिनिधी जातो. त्यामुळे ठरावाची एक प्रत आपल्या केंद्राला मार्च-एप्रिलमध्ये पोचली पाहिजे, मेच्या शेवटी पाठवून उपयोग नाही, तोपर्यंत लोक बॅगा भरत असतात. बाकी प्रती परराष्ट्र मंत्रालय, कामगार मंत्रालय आणि आपल्या खासदाराला. खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतो, त्याच्या पीएला तयार प्रश्न लिहून द्या, ते आयतं मिळालं की घेतात.

काम अडवायचं असेल तर

सगळ्यांना एक गोष्ट ऐकलेली असते, आणि ती खरी आहे. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब टाकले. त्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला स्कॉटलंडमध्ये, ईस्ट किलब्राइडच्या रोल्स रॉइस कारखान्यात यायची. 1974 मध्ये बॉब फुल्टन नावाच्या तपासनीसाच्या टेबलावर एक इंजिन आलं, ते चिलीचं असल्याचं त्याने बघितलं आणि मी याला हात लावणार नाही असं सांगितलं. बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले. इंजिनं बाहेर आवारात पडून राहिली, पावसात गंजली, आणि 1978 मध्ये एका रात्री कोणीतरी गुपचूप उचलून नेली, तोवर चार वर्षं गेली होती. 2015 मध्ये चिलीच्या सरकारने त्या म्हाताऱ्यांना सन्मानचिन्ह दिलं.

तसंच 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदरातल्या कामगारांनी झिम्बाब्वेला चाललेल्या चिनी शस्त्रांचं जहाज उतरवायला नकार दिला. आपल्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये बंदर कामगारांच्या एका फेडरेशनने इस्रायलसाठीची शस्त्रं चढवणार-उतरवणार नाही असं जाहीर केलं होतं. म्हणजे कल्पना इथली लोकं ओळखतात.

पण भावनेच्या भरात करू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, सगळ्याच आस्थापनांत संपाला 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संप धरला जातो. शिवाय कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा पुढे करून पर्मनंट मागे राहणार असतील तर असलं आंदोलन न केलेलं बरं. काळी फीत, जेवणाच्या सुट्टीत गेटवर सभा, शस्त्रं आणि इंधन या दोनच गोष्टींना हात न लावण्याची मागणी लेखी देणं, याने सुरुवात करा. वकिलाला आधी दाखवा.

पैसे

जनरल फंड कशावर खर्च करायचा याला कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे म्यानमारसाठी वेगळी, ऐच्छिक वर्गणी काढा, जनरल बॉडीची मंजुरी घ्या, पावतीपुस्तक वेगळं ठेवा. कोणाच्या खाजगी यूपीआयवर अजिबात नको. रक्कम परस्पर तिकडे पाठवायची नाही, एक तर फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आडवा येतो आणि दुसरं म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे दिसतील त्याच्या दारात पोलीस जातात. जागतिक फेडरेशनचे मदतनिधी आहेत, सीएला विचारून तिथे. दहा हजार जमले तरी लाजू नका.

बंदरावर असाल तर

म्यानमारचे खलाशी जगभरच्या जहाजांवर आहेत, न्हावाशेव्यालाही येतात. सप्टेंबर 2023 पासून लष्कराने परदेशात कमावणाऱ्यांना कमाईचा 25 टक्के भाग बँकेतून, सरकारी दराने घरी पाठवायची सक्ती केली. सरकारी दर बाजारापेक्षा खूप कमी, म्हणजे मधला फरक खलाशाच्या खिशातून जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीची लष्करभरती आणली, पुरुष 18 ते 35 आणि बायका 18 ते 27, त्यामुळे घरी परत जायचीच बऱ्याच तरुण पोरांना भीती. मुंबईत नुसी ही खलाशांची युनियन आहे, आयटीएफचे इन्स्पेक्टर असतात, खलाशाची पगाराची तक्रार असेल तर तिकडे जोडून द्या. गप्पा मारताना घर, गाव, राजकारण काही विचारू नका, सिमकार्ड आणि चहा द्या, त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. जहाजावर कॅप्टनसमोर तर एक शब्द नाही.

फोटो, नावं, फोन

तिकडे फौजदारी कायद्यात 505 ए हे कलम 2021 मध्ये घातलं, सरकारविरुद्ध लिहिलं-बोललं तर तीन वर्षांपर्यंत. बेकायदा ठरवलेल्या संघटनेला मदत केली म्हणून पकडायला 1908 चा इंग्रजांचा कायदा अजून वापरतात. त्याच 1908 साली टिळकांना राजद्रोहासाठी शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं, कायदा वेगळा पण कारखाना तोच. त्यामुळे जे आत आहेत त्यांची नावं त्यांच्या संघटनेने जाहीर केली असतील तरच घ्या, बाकी कोणाचं नाव, चेहरा, आवाज, कारखान्याचं नाव काही नाही. ऑनलाइन मीटिंग ठेवली तर रेकॉर्डिंग बंद, स्क्रीनशॉट बंद, आणि तिकडच्यांना कॅमेरा लावायचा आग्रह नको. सिग्नल वापरा, मेसेज आपोआप पुसायची सेटिंग चालू ठेवा. त्यांनी एखाद्या वेळी महिनाभर उत्तर दिलं नाही तर सारखे मेसेज करू नका, फेडरेशनला कळवा.

कंपनीचं 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 31 व्या दिवशी स्मरणपत्र, त्याचीही पोच. आमचा काही संबंध नाही असं एका ओळीचं उत्तर आलं तर कुठल्या कुठल्या पुरवठादारांची तपासणी केली त्याची यादी मागा. हे सगळं एकाने करू नका, दोन जणांची छोटी कमिटी असू दे, त्यातला एक तरी मिनिट्स नीट लिहिणारा.